हेगचे न्यायपीठ आणि तीन मराठी प्रकरणे

राज्याराज्यांतील तंटे रणांगणावर न नेता न्यायासनापुढे न्यावेत, ही मागणी एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील शांततावादी चळवळीने लावून धरली. नेदरलँड्समधील हेग येथे आज असलेले आंतरराष्ट्रीय न्यायालय हे त्या मागणीचेच दूरचे फलित होय. या न्यायपीठाशी महाराष्ट्राचा आणि मराठी माणसाचा संबंध ठळकपणे तीन वेळा आला. १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांच्या मार्सेय येथील अटकेचा वाद, १९६० मध्ये दादरा व नगर हवेलीचा वाद आणि २०१९ मध्ये कुलभूषण जाधव यांचे प्रकरण, हे ते तीन प्रसंग होत. तिन्ही प्रकरणे एकत्र पाहिली असता या न्यायपीठाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात. हे न्यायासन राज्यांसाठी निर्माण झाले. ज्याचे प्राण अथवा स्वातंत्र्य पणाला लागले आहे त्या माणसाला तेथे स्वतः दाद मागता येत नव्हती आणि आजही येत नाही.

पंचांपुढील निवाड्याची देशी परंपरा

वादातील दोन्ही पक्षांनी तिऱ्हाइताचा निवाडा आधीच मान्य करावा, ही कल्पना मराठी मुलखाला परकी नव्हती. सध्याच्या पुणे जिल्ह्यातील जुन्नर हा पेशवाईतील एक प्रांत होता. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात, तसेच उर्वरित देशावर, वतनाचा, वाटणीचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे अथवा पंचायतीपुढे चाले. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे आणि गावचे बलुतेदार अशा सभेला बसत. वादी-प्रतिवादी प्रथम 'राजीनामा' लिहून देत. आज या शब्दाचा अर्थ पदत्याग असा झाला असला, तरी त्या काळी अमुक पंच आपणास मान्य आहेत व त्यांचा निर्णय आपण पाळू, अशी ती लेखी कबुली असे. तिच्या जोडीला जामीनकतबा घेतला जाई. निवाडा झाल्यावर हरणारा पक्ष 'येजितखत' म्हणजे हार मान्य केल्याचा कागद लिहून देई, तर जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात या पद्धतीचा तपशीलवार अभ्यास केला असून तो ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालातही पंचायतींची सविस्तर दखल घेतलेली आहे.

पंचायतीच्या निवाड्यामागे गोताचा धाक आणि सरकारचा हुकूम असे. निवाडा मोडणाऱ्यास गावात राहणे अवघड होई. दोन सार्वभौम राज्यांच्या तंट्यात मात्र त्यांच्यावर ना गोत ना सरकार. मग तेथे निवाडा कोणी द्यावा, आणि दिलाच तर तो कोणी पाळावा? शांततावाद्यांपुढील खरा प्रश्न हा होता.

लॅड यांच्या निबंधापासून लवादापर्यंत

या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देणाऱ्या प्रारंभीच्या विचारवंतांत अमेरिकेचे विल्यम लॅड यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १८२८ मध्ये अमेरिकन पीस सोसायटी ही संस्था स्थापन केली आणि १८४० मध्ये राष्ट्रांच्या महासभेविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. लॅड यांची मुख्य सूचना अशी होती की, महासभा आणि न्यायालय या दोन संस्था परस्परांपासून वेगळ्या असाव्यात. महासभेत राजदूतांनी आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम ठरवावेत, तर न्यायालयात राष्ट्रांनी स्वखुशीने आणलेल्या वादांचा निर्णय न्यायाधीशांनी करावा. निर्णयाची अंमलबजावणी सैन्याच्या बळावर न होता लोकमताच्या बळावर व्हावी, यावर त्यांचा भर होता. हाच विचार पुढे एलिहू बरिट यांनी युरोपात नेला. ब्रुसेल्स (१८४८), पॅरिस (१८४९), फ्रँकफुर्ट (१८५०) आणि लंडन (१८५१) येथे शांतता परिषदा भरल्या. पॅरिसच्या परिषदेचे अध्यक्षपद साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो यांनी भूषविले.

ही मंडळी स्वप्नाळू असल्याची टीका त्या काळीही होत असे. तिला पहिले ठोस उत्तर १८७२ मध्ये मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांसाठी ब्रिटनमध्ये बांधल्या गेलेल्या 'अलाबामा' आदी जहाजांनी केलेल्या नुकसानीचा वाद अमेरिका व ब्रिटन यांनी जिनिव्हा येथील लवादाकडे सोपविला. लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले आणि ब्रिटनने ती रक्कम दिली. बलाढ्य राष्ट्रदेखील निवाडा पाळू शकते, हे यातून सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी, १८७३ मध्ये, गेंट येथे आंतरराष्ट्रीय विधिसंस्था स्थापन झाली. १८८९ मध्ये ब्रिटनचे विल्यम रँडल क्रीमर आणि फ्रान्सचे फ्रेडरिक पासी यांच्या पुढाकाराने आंतरसंसदीय संघाचा पाया घातला गेला. त्याच वर्षी बर्था फोन सुटनर यांची 'शस्त्रे खाली ठेवा' अशा अर्थाच्या शीर्षकाची जर्मन कादंबरी प्रसिद्ध होऊन युरोपभर गाजली. आंतरसंसदीय संघाने १८९५ च्या ब्रुसेल्स परिषदेत कायमस्वरूपी लवाद न्यायालयाची योजनाच संमत केली. मागणी आता व्यासपीठावरून संसदसदस्यांच्या टेबलापर्यंत पोहोचली होती.

१८९९ ची हेग परिषद

रशियाचे झार दुसरे निकोलस यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये शस्त्रास्त्रांच्या वाढत्या भारावर विचार करण्यासाठी सर्व राष्ट्रांना परिषदेचे आवाहन केले. त्यानुसार १८ मे १८९९ रोजी हेग येथे २६ राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र आले. शस्त्रकपात झाली नाही. परंतु आंतरराष्ट्रीय तंटे शांततेने मिटविण्याचा करार झाला आणि त्यातून स्थायी लवाद न्यायालय अस्तित्वात आले. नावात 'न्यायालय' असले, तरी ते नेहमीच्या अर्थाने न्यायालय नव्हते. प्रत्येक राष्ट्राने जास्तीत जास्त चार विधिज्ञांची नावे द्यायची, त्या यादीतून वाद उद्भवेल तेव्हा पंच निवडायचे आणि दोन्ही राष्ट्रांची संमती असेल तरच वाद चालवायचा, अशी ही व्यवस्था होती. पंचायतीतील राजीनाम्याचे तत्त्वच येथे जागतिक पातळीवर आले, असे म्हणता येईल. १९०७ च्या दुसऱ्या हेग परिषदेस ४४ राष्ट्रे उपस्थित होती. तीत कायम न्यायाधीश असलेल्या न्यायालयाचा मसुदा पुढे आला. पण न्यायाधीश कोणी व कसे नेमावेत यावर लहान-मोठ्या राष्ट्रांचे एकमत न झाल्याने तो बारगळला.

पहिल्या परिषदेत आशियातून चीन, जपान, इराण आणि सयाम यांना स्थान होते. हिंदुस्थानला नव्हते, कारण तो पारतंत्र्यात होता. ज्या मे महिन्यात हेग येथे शांततेची चर्चा सुरू झाली, त्याच महिन्यात पुण्याच्या येरवडा तुरुंगात बाळकृष्ण व वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांना फाशी देण्यात आली. युरोपातील राष्ट्रांनी आपापसांत लढू नये, असे शांततावाद्यांना मनापासून वाटत होते. परंतु साम्राज्य आणि त्याच्या अमलाखालील जनता यांच्यातील संघर्ष त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेरच ठेवलेला होता. ही उणीव अकरा वर्षांनी एका मराठी तरुणाच्या प्रकरणात उघड झाली.

मार्सेयचा धक्का

नाशिक जिल्ह्यातील भगूर येथे जन्मलेले सावरकर कायद्याच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये लंडनला गेले होते. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी वध केला. त्यानंतरच्या धरपकडीत सावरकरांवर राजद्रोहाचे, तसेच शस्त्रे पाठवून या कृत्यास साहाय्य केल्याचे आरोप ठेवण्यात आले. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली आणि फरारी गुन्हेगारांविषयीच्या १८८१ च्या कायद्यानुसार त्यांना हिंदुस्थानात पाठविण्याचा आदेश निघाला. 'मोरिया' या जहाजातून १ जुलै रोजी त्यांचा प्रवास सुरू झाला. स्कॉटलंड यार्डचे पार्कर, मुंबई पोलिसांचे पॉवर आणि हिंदी शिपाई त्यांच्या पहाऱ्यावर होते.

८ जुलै १९१० रोजी सकाळी जहाज मार्सेय बंदरात नांगरलेले असताना सावरकरांनी शौचकूपाच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. लोकमानसात ती उडीच अधिक कोरली गेली. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यानंतर धक्क्यावर गेलेली काही मिनिटे महत्त्वाची होती. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवताच सावरकर फ्रेंच कायद्याच्या कक्षेत आले. तेथे राजकीय आश्रय मागण्याचा हक्क होता आणि प्रत्यार्पणाची रीतसर प्रक्रिया झाल्याखेरीज त्यांना कोणाच्याही हवाली करता येत नव्हते. प्रत्यक्षात फ्रेंच सागरी पोलिसांपैकी एका अंमलदाराने त्यांना पकडले आणि जहाजावरून धावत आलेल्यांच्या मदतीने पुन्हा जहाजावर पोहोचविले. दुसऱ्या दिवशी जहाजाने मार्सेय सोडले.

ही बातमी फुटताच फ्रान्समध्ये खळबळ उडाली. पॅरिसमध्ये वास्तव्य असलेल्या मादाम भिकाजी कामा यांनी हालचाली केल्या. कार्ल मार्क्स यांचे नातू जाँ लाँगे आणि समाजवादी नेते जाँ जोरेस यांचे 'ल्युमानिते' हे दैनिक यांनी फ्रान्सच्या भूमीचा व आश्रयाच्या हक्काचा भंग झाल्याचा मुद्दा लावून धरला. फ्रेंच सरकारने जुलैतच ब्रिटनकडे विचारणा केली. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी लवादाचा करार केला. पंचांपुढे प्रश्न एकच होता: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियमांनुसार ब्रिटनने सावरकरांना फ्रान्सच्या स्वाधीन करावे किंवा कसे?

हेगच्या निवाड्याआधीच शिक्षा

लवादाचा करार झाला असला, तरी मुंबईतील खटला थांबला नाही. मुख्य न्यायमूर्ती सर बेसिल स्कॉट, न्या. नारायण चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्या विशेष न्यायासनापुढे तो चालला. आपली अटक बेकायदा असल्याने या न्यायालयाचा आपल्यावर अधिकार नाही, अशी सावरकरांची भूमिका होती. आरोपी न्यायालयापुढे कोणत्या मार्गाने आणला गेला यावर खटला चालविण्याचा अधिकार अवलंबून नसतो, असे न्यायासनाने ठरविले. डिसेंबर १९१० मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची पहिली शिक्षा झाली. ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी झाली. दोन्ही मिळून पन्नास वर्षांची ही शिक्षा हेगमधील सुनावणी सुरू होण्यापूर्वीच ठोठावली गेली होती.

हेग येथील पाच सदस्यांच्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष बेल्जियमचे ऑगस्त बेरनार्ट होते. फ्रान्सचे लुई रनो, ब्रिटनचे लॉर्ड डेझार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि नेदरलँड्सचे साव्होर्निन लोमन हे अन्य सदस्य. यांपैकी बेरनार्ट यांना १९०९ चे आणि रनो यांना १९०७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. दोघेही हेग परिषदांतील अग्रणी होते. लवाद न्यायालयाची कल्पना ज्यांनी रुजविली, त्यांच्यापैकीच दोघे या प्रकरणात निवाड्याला बसले होते. फ्रान्सच्या वतीने आंद्रे वाइस, तर ब्रिटनच्या वतीने आयर क्रो यांनी काम पाहिले. सावरकर स्वतः मुंबई इलाख्यातील तुरुंगात होते. त्यांचे म्हणणे मांडणारा कोणी नव्हता आणि नियमाने असूही शकत नव्हता, कारण वाद दोन राज्यांमधला होता.

२४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा जाहीर झाला. लंडनच्या पोलीस आयुक्तांनी २९ जून १९१० रोजीच पॅरिसच्या पोलीस प्रमुखांना पत्र लिहून या कैद्याच्या प्रवासाची कल्पना दिली होती आणि दोन्ही पोलीस दलांत त्यासंबंधी सहकार्य ठरले होते, याकडे पंचांनी लक्ष वेधले. ब्रिटिशांनी सावरकरांचा ताबा मिळविण्यासाठी कपट किंवा बळ वापरले नाही, सर्वांनी सद्भावनेनेच वर्तन केले, असा त्यांचा निष्कर्ष होता. अटक व ताबा देण्याच्या कृतीत अनियमितता घडली, हे त्यांनी मान्य केले. परंतु दुसऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याने चुकून कैदी हवाली केला, एवढ्यावरून त्याला परत करण्याचे बंधन घालणारा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असे सांगून त्यांनी फ्रान्सची मागणी फेटाळली. ४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानात पोहोचले.

या निवाड्यावर नंतर अनेक विधिज्ञांनी टीका केली. अनियमितता मान्य करूनही तिचे निवारण न करणे हे न्यायाला धरून आहे काय, असा त्यांचा सवाल होता. निवाड्याच्या बाजूने बोलायचे तर पंचांनी जो करार झाला त्याच्या चौकटीत, त्या काळी उपलब्ध असलेला कायदा लावला. आश्रय मागणाऱ्या व्यक्तीचा हक्क हा त्या कायद्यात व्यक्तीचा हक्क नव्हता. तो आश्रय देणाऱ्या राज्याचा अधिकार होता. राज्याच्याच अंमलदाराने तो गमावला, तर व्यक्तीच्या हाती काही उरत नव्हते. फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातील कटुता या लवादाने टळली, म्हणजे शांततावाद्यांचा एक हेतू सफल झाला. त्याची किंमत मात्र वादात पक्षकार नसलेल्या माणसाने मोजली.

मराठी दफ्तराची साक्ष

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला. हिंदुस्थानला त्यात स्वतंत्रपणे न्याय्य स्थान मिळावे यासाठी लोकमान्य टिळकांनी १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र पाठविले होते. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, पण त्याचे प्रतिनिधी ब्रिटिश सरकार ठरवीत असे. १९२२ मध्ये हेग येथे कायम न्यायाधीश असलेले पहिले जागतिक न्यायालय सुरू झाले. सावरकर प्रकरणात फ्रान्सची बाजू मांडणारे वाइस त्याचे एक न्यायाधीश होते. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली सध्याचे आंतरराष्ट्रीय न्यायालय त्याच्या जागी आले.

या न्यायालयापुढे स्वतंत्र भारताला पहिल्यांदा पाचारण केले ते पोर्तुगालने. दमणनजीकचे दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केले. आझाद गोमांतक दलाचे विश्वनाथ लवंदे, तसेच राजा वाकणकर, संगीतकार सुधीर फडके, इतिहासकार बाबासाहेब पुरंदरे आदी मराठी मंडळी या लढ्यात होती. भारताने आपल्या हद्दीतून पोर्तुगीज फौजेला तेथे जाऊ दिले नाही. तेव्हा २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने मार्गाच्या हक्कासाठी हेग येथे दावा लावला. भारताच्या बाजूने महान्यायवादी मो. चि. सेटलवाड यांनी काम पाहिले, तर भारताचे तदर्थ न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला हे न्यायासनावर होते.

पोर्तुगालचा आधार होता पेशव्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यापुढील १७८३ व १७८५ च्या सनदा. या प्रदेशावरील सार्वभौमत्वच मराठ्यांनी आपणास दिले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. त्यामुळे मराठी दफ्तरातील 'सरंजाम' आणि 'जहागीर' या शब्दांचा अर्थ काय, याचा विचार जागतिक न्यायालयाला करावा लागला. या कागदांनी पोर्तुगीजांना वर्षाकाठी १२ हजार रुपयांच्या महसुलाची नेमणूक दिली, प्रदेशाचे स्वामित्व दिले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. पुढे ब्रिटिश काळातील दीर्घ वहिवाटीमुळे खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालला मार्गाचा हक्क निर्माण झाला. फौज, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नव्हता, असे १२ एप्रिल १९६० च्या निकालात म्हटले आहे. १९५४ मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हा निष्कर्ष नऊ विरुद्ध सहा मतांनी झाला. १९११ मध्ये हिंदी माणसाच्या भवितव्याचा निर्णय त्याच्या अनुपस्थितीत झाला होता. १९६० मध्ये भारत स्वतः पक्षकार म्हणून उभा राहिला आणि आपल्या भूमीतील कागद त्याने साक्षीला आणले.

जाधव प्रकरण

तिसरा प्रसंग नजीकचा. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना मार्च २०१६ मध्ये बलुचिस्तानात पकडल्याचे पाकिस्तानने जाहीर केले. इराणमधून त्यांचे अपहरण करण्यात आले, असे भारताचे म्हणणे आहे. हेरगिरी व दहशतवादाच्या आरोपांवरून लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिल्याची घोषणा १० एप्रिल २०१७ रोजी झाली. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांची भेट घेऊ देण्याची भारताची मागणी वारंवार नाकारण्यात आली होती. ८ मे २०१७ रोजी भारताने हेगकडे धाव घेतली आणि १८ मे रोजी न्यायालयाने अंतिम निर्णयापर्यंत मृत्युदंडाची अंमलबजावणी होऊ नये, असा अंतरिम आदेश दिला. भारताची बाजू ज्येष्ठ विधिज्ञ हरीश साळवे यांनी मांडली.

१७ जुलै २०१९ चा निकाल पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी भारताच्या बाजूने लागला. वकिलातीच्या संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाचा पाकिस्तानने भंग केला, असे न्यायालयाने म्हटले. अटकेत असलेल्या परदेशी नागरिकाला त्याचा हक्क सांगणे, त्याच्या देशाला विनाविलंब कळविणे आणि त्या देशाच्या प्रतिनिधींना भेटू देणे ही कर्तव्ये पाळली गेली नाहीत. पाकिस्तानने शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये, असे बंधन घालण्यात आले. शिक्षाच रद्द करून जाधव यांना सोडून द्यावे, ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय अधिकाऱ्याला त्यांची भेट घेता आली. २०२१ मध्ये पाकिस्तानने फेरविचारासाठी कायदा केला.

सावरकर आणि जाधव या दोन प्रकरणांतील राजकीय संदर्भ पूर्णतः भिन्न आहेत. तथापि कायद्याच्या अंगाने त्यांची तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही वेळा एक मराठी माणूस परक्या सत्तेच्या कैदेत होता, दोन्ही वेळा त्याच्यासाठी एका राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध हेगमध्ये दाद मागितली आणि दोन्ही वेळा त्याला परत देण्याचा आदेश झाला नाही. फरक पडला तो मधल्या एकशे आठ वर्षांत. १९११ मध्ये पंचांना लावण्याजोगा नियमच नव्हता. २०१९ मध्ये कैद्याला स्वतःचा म्हणून एक हक्क लेखी करारात मिळालेला होता, खटला प्रलंबित असताना शिक्षेची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार न्यायालयाला होता आणि तो वापरलाही गेला.

आज काय आहे, काय नाही

हेगमधील संस्थांविषयी वाचकांची अनेकदा गफलत होते. अँड्र्यू कार्नेगी यांच्या १५ लाख डॉलरच्या देणगीतून उभारलेल्या आणि २८ ऑगस्ट १९१३ रोजी उघडलेल्या 'पीस पॅलेस' या वास्तूत दोन संस्था आहेत. एक म्हणजे १८९९ चे स्थायी लवाद न्यायालय; ते अजूनही कार्यरत आहे. दुसरे म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय. युद्धगुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालविणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासून हेगमध्येच, पण वेगळ्या इमारतीत आहे. भारत त्याचा सदस्य नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयावर आजवर बेनेगल नरसिंग राव, नागेंद्र सिंग, रघुनंदन स्वरूप पाठक आणि दलवीर भंडारी हे भारतीय न्यायाधीश निवडून गेले. भंडारी हे त्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

लॅड यांच्या निबंधातील दोन गोष्टी आजही कायम आहेत. पहिली, संमतीखेरीज वाद चालत नाही. न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करताना भारताने ज्या अटी घातल्या आहेत, त्यांत राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद वगळण्याची अट आहे. पाकिस्तानने १९९९ मध्ये आपले विमान पाडल्याबद्दल भारताविरुद्ध दावा लावला, तेव्हा जून २००० मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राअभावी तो निकाली काढला. जाधव प्रकरणी भारताला व्हिएन्ना कराराच्या पूरक मसुद्याचा आधार घ्यावा लागला तो याच कारणाने. दुसरी गोष्ट, निवाडा पाळला जातो तो मुख्यतः लोकलज्जेमुळे आणि परस्परहितामुळे. सुरक्षा परिषदेकडे जाण्याची तरतूद आहे; पण तेथे नकाराधिकार असलेल्या राष्ट्रांपुढे तिचे काही चालत नाही.

जुन्नर प्रांतातील पंचायतीत राजीनामा लिहून देणारा कुणबी स्वतः सभेत उभा राहून आपले म्हणणे मांडू शके. हेगच्या सभागृहात आजही केवळ राज्यांचे प्रतिनिधी उभे राहतात. अन्यायग्रस्त माणसाची बाजू तेथे मांडली जावी यासाठी त्याच्या मागे एखादे राज्य असावे लागते आणि त्या राज्याची तशी इच्छाही असावी लागते. सावरकरांच्या मागे असे राज्य नव्हते. जाधव यांच्या मागे होते. निर्वासित, राज्यविहीन आणि आपल्याच सरकारच्या रोषास पात्र झालेल्या लक्षावधी लोकांच्या मागे ते आजही नाही. शांततावाद्यांनी १८४० च्या सुमारास सुरू केलेल्या कामाचा हा भाग अद्याप अपुरा आहे.